'असॅसिन'चं कार्ड

प्रिय धाकट्या,

शनिवारी बाबा सुटतायत आणि तू त्यांना आणायला तुरुंगावर जातोयस, हे तुझ्या पत्रातून कळलं. तुझ्या बायकोने मागची खोली रिकामी करून पडदेही शिवले म्हणे. वाचून बरं वाटलं, आणि लगेच हे पत्र लिहायला बसले.

माझं ठीक आहे. इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम गोगलगायीच्या गतीने चाललंय. एका शब्दाला एक कार्ड, खाली लिहिणाऱ्याची सही. गेल्या आठवड्यात 'असॅसिन' माझ्या वाट्याला आला. म्हणजे मारेकरी. खुनी कुणीही होतो, रागाच्या भरात सख्ख्या भावाला मारणाराही. मारेकरी मात्र ठरवून, पाळत ठेवून जातो; मारतो तो बहुधा नावाजलेल्या माणसाला, कुणाच्या सांगण्यावरून किंवा आपल्या मतापायी. बाबांनी कारखान्याच्या फाटकात कामगार पुढाऱ्याला गोळी घातली, तेव्हा इंग्रजी पेपरांनी हाच शब्द छापला होता. तू दोन वर्षांचा होतास, मी दहाची.

उगमाच्या रकान्यात मी ऐकीव गोष्ट ठोकून दिली: जुन्या काळी एका पंथातल्या तरुणांना हशीश पाजून शत्रूवर सोडत, म्हणून अरबीत ते 'हशीशवाले', आणि त्यावरून हा शब्द. संपादकबाईंनी कार्ड परत पाठवलं. शब्द त्या नावावरूनच आला, म्हणाल्या, पण नशा पाजत याला धड पुरावा नाही. ते नाव विरोधकांनी हिणवायला ठेवलेलं दिसतं. दहा वर्षं या खुर्चीत बसून मी न तपासता सही केली, कारण मला ती गोष्ट खरी हवी होती.

आईने तुला तशीच गोष्ट सांगितली ना? बाबांना कुणीतरी दारू पाजली, शुद्धीत असते तर त्यांनी डासही मारला नसता. तू त्यावरच वाढलास, आणि मी शेजारी बसून मान डोलावत राहिले. त्याची मला लाज वाटते.

त्या सकाळी मी घरात होते. बाबांनी अंघोळ केली, तुला वाटीने दूध पाजलं, माझी वेणी घातली. तोंडाला वास नव्हता, हात थरथरत नव्हता. दार ओढताना आईला म्हणाले, आता येणं होणार नाही, पोरांना बघ. आईने कुठे जाताय म्हणून विचारलंसुद्धा नाही. हे तुला शनिवारच्या आत कळावं म्हणून लिहिलं. जाऊ नकोस असं म्हणत नाही. मी येणार नाही. मला अजून त्यांची माया वाटते, आणि तीच सोसवत नाही.

उशिरा का होईना, खरं बोललेली
तुझीच
ताई