खंडेनवमीला तिजोरी उघडली

२१ सप्टेंबर, रवि.
नेमबाजीच्या क्लबवर. तीस गोळ्या जर्मन पिस्तुलातून, वीस झेकमधून. पहिली गोळी नेहमीसारखी डावीकडे खाली. जुन्या डबल-ॲक्शनचं हे असंच. पहिल्या गोळीला चाप लांब नि जड, कारण घोडाही तोच मागे ओढतो. पुढच्या सगळ्या हलक्या. लोक म्हणतात, नवीन घे, सोपं पडेल. नको. बारा वर्षं त्या एका जड ओढीच्या मागे आहे, अजून जमलेली नाही.

क्लबचा डच सेक्रेटरी विम म्हणाला, हजेऱ्या भरल्या तुझ्या, यंदाचं नूतनीकरण सोपं जाईल. परवान्यावर पाच पिस्तुलांची जागा, पाचही भरलेली. सहावं आवडलं तर एक विकावं लागेल. कुठलं, ते विचारू नये.

घरी आलो तर अप्पा सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेले. मुलाकडे येऊन दोन आठवडे झाले तरी घड्याळ पुण्याचंच.

२६ सप्टें.
चार मीटिंगा. एकीतही माझी गरज नव्हती, चारहीत बसलो.

संध्याकाळी पिस्तुलं पुसायला काढली. अप्पा स्टूल ओढून शेजारी. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते, त्यांना राहवतंय कुठे. भिंग मागितलं. म्हटलं, बघा, पण हात नका लावू. परवाना माझ्या एकट्याच्या नावावर, मी समोर नसताना दुसऱ्याच्या हाती गेलं तर संपलंच. लगेच हात पाठीमागे बांधले आणि वाकून बघत राहिले. जर्मनच्या फ्रेमवर, स्लाइडवर, बॅरलवर एकच नंबर आहे, म्हणजे सगळे भाग मूळचेच, ते दाखवलं. असं मिळायला चार वर्षं शोधत होतो. बऱ्याच वेळाने म्हणाले, "काम चोख आहे."

माझ्या कुठल्याही गोष्टीला जन्मात पहिल्यांदा चोख म्हणाले, आणि ती नेमकी दुसऱ्याने बनवलेली.

मग: "नवमीला पूजेला काढशील ना?"
बघू म्हटलं.

३० सप्टें.
पाऊस, वारा, सायकलची चेन निसटली. ऑफिसात पोचेपर्यंत हात काळे.

बायकोचं, मेधाचं, चालू आहे. "त्यांनी आयुष्यभर नवमीला मशीनची पूजा केली. आपल्याकडे काय मांडणार, लॅपटॉप? एक तास काढलीस तर काय बिघडतं?" नियम तिला माहीत आहेत, माझ्याहून जास्त. म्हणाली, तू तिथेच असशील की. ते बरोबर आहे. मी असेन.

१ ऑक्टो. खंडेनवमी
घरून काम. साडेअकराला वरच्या खोलीत पाट मांडला. मॅगझिन काढलेली, चेंबर दोनदा तपासले, गोळ्या वेगळ्या कपाटात कुलपात. पाच पिस्तुलं लाल कापडावर ओळीने: जर्मन, झेक, इटालियन, स्विस, आणि ते फ्रेंच, जे कुणालाच आवडत नाही. अप्पा सोवळं नेसून. इथल्या गार्डन सेंटरात झेंडू मिळाला, पाकळ्या कमी, वास नाही, पण रंग बरा.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारणीचं पार्सल आमच्याकडे ठेवायचं होतं. घेतलं, तर तीच समोरून आली. मग कचऱ्याच्या डब्यांवरून सुरू झाली, कुणी चुकीच्या दिवशी बाहेर काढतं म्हणून. आम्हीच काढतो. ऐकत उभा राहिलो. दहा मिनिटं तरी.

वर गेलो तर पूजा झालेली. पाचही पिस्तुलांना ओलं हळदकुंकू, अक्षता, फूल. जर्मन अप्पांच्या हातात, फडक्याने पुसत होते. "पाणी जास्त झालं रे थोडं," म्हणाले. मेधाने फोटो काढला होता.

सणाचा दिवस, म्हातारा माणूस खूश होता. सगळं पुसून तिजोरीत ठेवलं, कुलूप लावलं. पुरण चांगलं झालं होतं.

४ ऑक्टो.
फोटो मेधाने घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. तिच्या बहिणीने तिच्या ग्रुपवर. तिथून इथल्या मंडळाच्या. "याला म्हणतात खरी खंडेनवमी," खाली हात जोडलेले नि तलवारी. फोटोत अप्पा एकटे, हातात पिस्तूल.

दुपारी विमचा फोन. कुणीतरी तो फोटो पोलिसांना पाठवलाय. कोण, ते त्याला माहीत नाही, मला माहीत करून घ्यायचं नाही. म्हणाला, घाबरू नकोस, ते एकच विचारतील: तू खोलीत होतास का? असशील तर ताकीद. नसशील तर परवाना गेला, पाचही जातील, आणि पुन्हा मिळायचा नाही.

"होतास ना?"
आवाज नीट येत नाहीये म्हटलं.

७ ऑक्टो.
पोलिसांचा फोन. गुरुवारी चारला येतील. सभ्य आवाज.

जर्मनच्या नंबरात कुंकू बसलंय. तेल, ब्रश, दातकोरणी, सगळं झालं. आठ नि तीनमध्ये अजून लाल आहे. स्लाइडवर ओल राहिलेल्या जागी गंजाचा ठिपका, मसुराएवढा. इतकी वर्षं टिकलेलं ब्ल्यूइंग, पोलादावरचा तो निळसर काळा थर, आमच्या घरी येऊन गेलं. अप्पांना दाखवलं नाही.

मेधा म्हणते, "फोटो तूच काढलास म्हण. कोण विचारतंय?" खूप दमलोय. म्हणजे झोप होते, तरी.

९ ऑक्टो., गुरु.
पोलीस बाई एकट्याच आल्या. चाळिशीच्या, बूट दाराशी काढू का विचारलं. तिजोरीचे बोल्ट बघितले, पाचही नंबर यादीशी ताडले. ते लाल काय, विचारलं. धार्मिक आहे म्हटलं. छान रंग आहे, म्हणाल्या.

मग खाली चहा. मला विचारलं, तुम्ही खोलीत होतात? मी म्हटलं, माझ्या घरी, माझ्या देखरेखीखाली पूजा झाली. त्यांनी पेन तसंच धरून ठेवलं. अप्पांकडे वळून इंग्रजीत तेच विचारलं. अप्पांचं इंग्रजी चांगलं, पण कान गेलेत. त्यांनी हात कानाला लावला. बाई मला म्हणाल्या, तुम्हीच विचारा त्यांना.

मी विचारलं. नीट, मोठ्याने. "अप्पा, तुम्ही पूजा करत होतात तेव्हा मी खोलीत होतो का, असं त्या विचारतायत."

"नव्हतास. खाली कुणीतरी आलं होतं ना? पण मी होतो की. हत्यारापाशी माणूस लागतो एवढं मला कळतं. उघडं टाकून मी कुठे गेलो नाही, सांग त्यांना."

मी बाईंना डचमध्ये सांगितलं, ते म्हणतायत, मुलगा पूर्ण वेळ इथेच होता.

त्यांनी लिहून घेतलं. अप्पांनी मान डोलावली. आपलं म्हणणं कागदावर गेलं याचं समाधान दिसत होतं. जाताना बाईंनी त्यांच्याशी हात मिळवला.

आमची इरा पूर्ण वेळ जेवणाच्या टेबलाशी गणितं सोडवत होती. सोळा वर्षांची आहे. मराठी बोलत नाही. समजतं सगळं. डच तर शाळेचंच.

१० ऑक्टो.
सकाळी डबा भरताना: "बाबा, दॅट्स नॉट व्हॉट आजोबा सेड."
म्हटलं, माहीत आहे.
"तुम्ही त्यांना सांगणार?"

हे मराठीत विचारलं. वर्षभरात माझ्याशी बोललेलं पहिलं अख्खं मराठी वाक्य. कुणाला, अप्पांना की पोलिसांना, ते मी विचारलं नाही. पावासाठी लोणी शोधत राहिलो, समोरच होतं.

मेधाला सांगितलं. ती म्हणाली, झालं ना आता, मिटलं, पोरीला मी बघते. स्वतःची लाज वाटते. आणि पाचही वर जागेवर आहेत याचं बरंही वाटतं. दोन्ही एकदम.

१२ ऑक्टो., रवि.
क्लबला गेलो नाही. पाठ दुखते असं विमला कळवलं. दुखत नाही.

१७ ऑक्टो., शुक्र.
उद्या अप्पांचं विमान. बॅगेत तीन किलो चीज, नातेवाइकांची यादी जोडून.

पोलिसांची मेल आली. जबाब, डचमध्ये, दोन पानं. खाली दोन सह्या हव्यात, अप्पांची आणि, भाषांतर मी केलं म्हणून, माझी. सोमवारच्या आत. मेधाने छापून आणला. मी टेबलावर ठेवला नि म्हटलं, अप्पा, तुम्ही त्या दिवशी बोललात त्याचा कागद.

चष्मा लावला. पहिली ओळ बोटाने वाचू बघितली, सोडून दिली.

"मी म्हटलं तेच आहे ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. घाई नव्हती.

हो म्हटलं.

सही केली, खाली तारीख घातली. पेन माझ्या हातात देताना म्हणाले, "इतक्या वर्षांत तुझ्या कुठल्याच कामाला आलो नाही रे. या वेळी आलो, बरं वाटलं." आणि बॅगेचं वजन करायला उठले.

कागद टेबलावर आहे. त्यांच्या सहीखालची जागा रिकामी. पेन अजून हातात आहे, हे त्यानेच लिहितोय.