चार गुणांचा फरक

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

थोरलीला धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे. तुझ्या पायाची सूज उतरली का? आणि भावोजी अजून चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतात का?

इथे थंडी पडलीय. ऑफिसातून आले की दार उघडताना मीच "आले गं" म्हणते आणि मीच आत जाते. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंशी जरा ओळख झाली होती, तर त्याच जागा सोडून गेल्या. बाकी सगळं ठीक.

ठीक कसलं! उन्हाळ्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस.

तुला वाटतं, मी तुझा वर्ग बंद पाडला. एकदा नीट सांगू दे. तुझ्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाचा मुलांना उपयोग होतो का, हे वर्गाचा खर्च देणाऱ्या संस्थेला तपासून हवं होतं. दुसरं कोणी मिळेना म्हणून काम माझ्याकडे आलं. साठ मुलांच्या चिठ्ठ्या टाकल्या. निम्मी तुझ्या वर्गात, निम्मी आपापल्या घरी. परीक्षेत तुझ्या मुलांची सरासरी चार गुणांनी जास्त आली. तू नाचायचीच काय ती बाकी होतीस. पण आमच्या संख्याशास्त्रात आधी उलटं धरून चालतात : समजा, वर्गाचा काहीच उपयोग नाही. मग निव्वळ चिठ्ठ्यांच्या नशिबाने, हुशार मुलं एकाच बाजूला पडून, एवढा किंवा याहून मोठा फरक कितीदा दिसेल? उत्तर आलं, पाचांत एकदा. विसांत एकदाहून कमी आलं तरच वर्गाला श्रेय द्यायचं, असं आपण परीक्षेआधीच ठरवलं होतं. तुझ्यासमोरच ठरलं होतं.

तू म्हणालीस, "ती तीन पोरं वर्गात नुसती झोपायची. ती काढ आणि मग बघ."

"आता नाही काढता येत, ताई. चिठ्ठीत आली ती आली."

"लोक परक्यासाठी एवढं करतात. तू माझी बहीण ना?"

"म्हणूनच नाही काढता येत."

तू फोन ठेवलास.

अहवालात मी लिहिलं होतं, 'उपयोग सिद्ध झालेला नाही, पण म्हणून उपयोग नाहीच असं म्हणता येत नाही. मुलं फार थोडी होती.' अध्यक्षांनी 'झालेला नाही'पर्यंत वाचलं आणि चहा मागवला. मी उभी राहून उरलेलं वाचून दाखवलं. "हो हो, आलं लक्षात," म्हणाले. वर्ग बंद झाला.

एक गोष्ट मात्र अहवालात बसत नव्हती. आई गेली त्या वर्षी मी गणितात गटांगळ्या खात होते. तू रोज माझ्यासमोर बसून मुद्दाम ढ व्हायचीस. "मला मेलीला काही कळलं नाही, परत समजाव." तुला समजावता समजावता मलाच येत गेलं. पुढे तोच तुझा वर्ग झाला. मी आज जी काही आहे ती तुझ्यामुळे, असं मला वाटतं. पण तुझ्याशिवाय वाढलेली दुसरी मी कुठून आणू, ताडून बघायला? हे कधीच सिद्ध होणार नाही. मला ते सिद्ध व्हायला नकोच आहे.

गेले तीन महिने मी संस्थेच्या खनपटीला बसले होते. काल होकार आला. जूनपासून सहा शाळांत, चारशे मुलं, तुझीच पद्धत. शिक्षकांना तू तयार करायचंस. चिठ्ठ्या तशाच, नियमही तोच. या वेळीही कदाचित 'नाही'च येईल. ते सोसणार असशील तरच हो म्हण. तपासायला माझ्याऐवजी दुसरं कोणी येईल. तशी अट मीच घातली. तुझ्या कामाचा निकाल मला पुन्हा द्यायचा नाही.

महिनाअखेरीला मला आठवडाभर सुट्टी आहे. कुठे जायचंय म्हणून घेतली नाही, उरली होती म्हणून मिळाली. संस्थेला काय कळवायचं ते तू सावकाश कळव. मला मात्र नुसतं 'ये' लिहिलंस तरी पुरे.

इथे फार एकटी पडलेली,
तुझी धाकटी