फक्त माझ्याच घरात असलेली फाइल

मी, तिजानी बिन सालेम गर्गूरी, वय एकाहत्तर, राहणार स्फाक्स, निवृत्त प्रोग्रामर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. ते फार आधी ठिकाणावर यायला हवं होतं, ही खंत वेगळी.

१. घर आणि ऑलिव्हची बावीस झाडं कायद्याने माझ्या दोन्ही मुलींकडे जातील. भाऊ बशीर याने अकरा वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. चढताना माझी आठवण काढली तरी पुरे.

२. 'राविया' हा अरबी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा माझा प्रोग्राम. मी त्याचा सोर्स कोड फुकट वाटत असे. ज्याने त्याने आपापल्या कॉम्प्युटरवर कंपाइल करून, म्हणजे त्या कोडचा चालता प्रोग्राम बनवून घ्यावा. लिहिला होता तो लझहरसाठी. लझहर माझा शाळासोबती, विसाव्या वर्षी दृष्टी गेलेला. आपली बायको नईमा हिला पडद्यावरचं वाचायला लावून त्याने तीन दिवस खटपट केली, मग फोन केला.

"तिजानी, अर्ध्यावरच अडतंय रे. उच्चारांची फाइल सापडत नाही म्हणतंय."

"माझ्याकडे चालतंय की. सूचना नीट वाच."

"वाचता आलं असतं तर तुला फोन कशाला केला असता?"

"मग जिला वाचता येतं तिला तरी धड वाचायला सांग."

नईमा शेजारीच होती. लझहरने फोन ठेवला, तो कायमचाच.

पुढे कितीतरी जणांनी हीच तक्रार लिहून कळवली. सगळ्यांना मी तेच उत्तर दिलं. नऊ वर्षांनी, गेल्या रमजानमध्ये, माझा जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्यावर राविया कंपाइल करायला बसलो, तर अर्ध्यावर अडलं. कंपायलर बदलला, जोडीच्या कोड-लायब्रऱ्या बदलल्या, चार दिवस घालवले. शेवटी काय चुकलं ते सांगणारा पडद्यावरचा संदेश मुकाट्याने वाचला. उच्चारांच्या फाइलचा पत्ता मी कोडमध्ये माझ्याच जुन्या मशीनवरच्या फोल्डरचा घातला होता, आणि ती फाइल कोडसोबत कधी दिलीच नव्हती. दुसऱ्या कोणाकडे ते चालणं शक्यच नव्हतं.

नईमा दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. लझहरला वाचून दाखवणारं आता कोणी नाही. मयताला मी गेलो होतो. लझहरपासून चार पावलांवर उभा राहिलो आणि तोंड उघडलं नाही. याची मला फार लाज वाटते.

३. नवा कॉम्प्युटर लझहरला द्यावा. दुरुस्त केलेला राविया त्यावर कंपाइल करावा, आणि हा कागद त्याला माणसाने नव्हे, रावियाने वाचून दाखवावा. अडलं तर चूक माझी समजावी.

स्फाक्स, १४ मार्च २०२४
(सही) तिजानी गर्गूरी

साक्षीदार: मुख्तार झ्वारी, शेजारी. (सही)

साक्षीदार: इबतिसाम केश्शू, औषधविक्रेती. नव्या सूचना वाचून मी माझ्या कॉम्प्युटरवर राविया कंपाइल करून पाहिला. आधी अडला. तिजानीकाका शेजारी बसून म्हणाले, "तुझं बरोबर आहे पोरी, एक ओळ मीच विसरलो." ओळ घातल्यावर चालला. मी म्हटलं, "काका, मग मरेपर्यंत कशाला थांबायचं? लझहरकाकांचं घर दहा मिनिटांवर आहे." त्यांनी या कागदावर सही करायला पेन मागितलं. (सही)