झेरॉक्सवरचं आडवं अक्षर

बडोदे, ४ जुलै

ती. बाबा, यशश्रीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. माझ्या खोलीतल्या भाविकाच्या नावावर मात्र कुणीतरी परस्पर कर्ज उचललं. पोलिसांना त्या भामट्याकडे आधारकार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा सापडला. त्यात माझीही होती! पण तिच्यावर तुम्ही आडवं लिहिलं होतं, ‘फक्त मकरपुऱ्याच्या नोकरीसाठी’, म्हणून ती त्याच्या कामाची नव्हती. तेव्हा माझा फोटो खराब केलात म्हणून मी रुसले होते. आज मनोमन तुमच्या पाया पडले.

आता मी आधारचे बोटांचे ठसेही मोबाइलवरून लॉक केलेत, काळजी नको.

हात थरथरतो म्हणून तुम्ही लिहिणं सोडलंत, असं आई म्हणाली. खरं का? दोनच ओळी पाठवा. ज्या अक्षरानं मला इथे सांभाळलं, ते थरथरलं म्हणून काय झालं?

तुमचीच,
यशश्री