गळालेलं पूर्वपद

३ फेब्रुवारी २००९, मंगळवार

व्याख्यानाला खुर्च्या चाळीस, माणसं सव्वीस, त्यात पुरुष चार — मी, माइकवाला, अध्यक्ष आणि अध्यक्षांचा ड्रायव्हर. डॉ. हेतल उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, 'गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर.' अध्यक्ष टेबलावरच्या फुलदाणीकडे पाहू लागले ते आभारप्रदर्शनापर्यंत!

नवी लस आली आहे. वयात येणाऱ्या मुलींना द्यायची, तीन वेळा, दंडावर. आयांनी लसीवर विसंबायचं नाही, तपासून घ्यायचं. बाई सरळ बोलतात — 'पाळी गेली, वर्ष झालं, आणि परत एक डाग जरी दिसला तरी माझ्याकडे यायचं. दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही. दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.'

मग प्रश्न. 'लग्नाआधी असली लस म्हणजे मुलींना मोकळीक दिल्यासारखंच नाही का?' — 'पुढे मूल होईल ना हो?' — एकीने चिठ्ठी पाठवली. बाईंनी उलगडली, उलटी करून पाहिली. कोरी होती. कोणाची ते कोणी सांगेना.

४ फेब्रुवारी

बातमी लिहिली. 'गर्भाशयग्रीवा' — षष्ठी तत्पुरुष, गर्भाशयाची ग्रीवा. ग्रीवा म्हणजे मान. पाठशाळेतले गुरुजी खूश झाले असते! डागाचं वाक्यही घेतलं, पण 'पाळी' लिहायला हात होईना. 'रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव' लिहिलं. पाळीला दोन अक्षरं लागतात, सभ्यपणाला तेरा.

वेणूला वाचून दाखवणार होतो. बायको म्हणून सव्वीस वर्षं आणि संपादक म्हणूनही तेवढीच — तिच्याइतकं कठोर कोणी भेटलं नाही. पण ती गुडघ्याला तेल लावत होती. म्हणाली, 'छापून आलं की वाचेन.'

६ फेब्रुवारी, शुक्रवार

'ग्रीवेच्या कर्करोगावर नवी लस'! गर्भाशय गायब. मथळ्यातून, मजकुरातून, सगळीकडून.

वाशीला ऑफिसात शैलेशला फोन केला. आमचा उपसंपादक — वय एकोणतीस, लाज माझ्या आजोबांच्या काळातली.

'सर, सकाळी लोक चहाबरोबर वाचतात हो. घरात मुली असतात.'

'अरे, मुलींसाठीच आहे ते!'

'आणि ते रजो-काहीतरी काढलं. जागा नव्हती.'

जागा कोणाला गेली ते पाहिलं. कळंबोलीत ट्रकखाली सापडलेल्या अजगराला. फोटोसकट.

समासाचं पूर्वपद गळालं, उत्तरपद उरलं. गर्भाशय गेलं, मान राहिली. दुरुस्ती छाप म्हटलं. 'बघतो सर.'

वेणूने वाचलं. चष्मा काढला. स्वतःच्या मानेवरून हात फिरवला — समोरून मागे, हळू — आणि चहा टाकायला गेली. एकही चूक काढली नाही.

१० फेब्रुवारी

गुणाबाई आली. खाडीवरच्या कोळीवाड्यातली. वीस वर्षं आमच्या दारात टोपली उतरवते. (पाठशाळेत आठ वर्षं काढली, पण सारस्वताच्या ताटातला मासा गुरुजींनाही हलवता आला नाही.)

'दादा, मानेचा कॅन्सर आलाय म्हनं. तुमीच लिवलाय. आमच्या वाड्यात फळ्यावर टाकलाय.'

'मानेचा नाही, गुणाबाई.'

'मंग कशाचा?'

वेणू दारात उभी, हातात ताट. समोर बोंबील. आणि मी, शब्दांवर पोट भरणारा माणूस, म्हणालो — 'आतला असतो.'

'आत म्हंजे? घशात?'

हो-नाही असं काहीतरी पुटपुटलो. वा रे पंडित! वेणू अजून माझ्याकडे बघत होती, जणू वाक्य पुरं व्हायचंय.

१४ फेब्रुवारी

दुरुस्ती आली. अजगराची. तो अजगर नव्हता, धामण होती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कोळीवाड्यात जाऊन आलो. भर दुपार. ओहोटी — चिखल उघडा, होड्या कुशीवर. फळ्यावर खडूने 'मानेच्या कॅन्सरपासून सावधान', आणि खाली माझं नाव! शुद्धलेखन मात्र निर्दोष.

एरवी इथे आलं की बायकांच्या आवाजाने कान किटतात. आज सगळ्या ओट्यांवर बसलेल्या आणि चिडीचूप. काहीतरी चुकतंय एवढं कळलं. काय ते कळायला वेळ लागला. गळे. एकीच्याही गळ्यात काही नाही. जिथे सोन्याखाली मान दिसत नाही, तिथे नुसत्या माना — आणि सगळ्या हळदीने पिवळ्या. मंगळसूत्रं मनगटाला गुंडाळलेली.

'धातूवर बसतो म्हनं रोग,' एक म्हातारी म्हणाली. 'पेपरात आलाय.'

'धातूचं मी काही लिहिलेलं नाही, आजी.'

'मंग कोनी लिवलाय?'

ओट्याओट्यावर जाऊन सांगितलं, मानेचा नव्हे, बायकांच्या पोटातला आहे. ऐकत होत्या. ऐकताना प्रत्येकीचा हात मानेवरून जात होता — समोरून मागे, हळू. एकीचा खाली आला की शेजारणीचा वर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

हा हात आधी कुठे पाहिलाय? परत येताना रिक्षात आठवत बसलो. आठवेना.

२२ फेब्रुवारी, रविवार

आरशाशेजारच्या खिळ्याला वेणूचं मंगळसूत्र. सव्वीस वर्षांत ते मी एकटं कधी पाहिलं नव्हतं.

'अहो, टोचतं मानेला. उकाडा किती!'

उशीचा अभ्रा पिवळा. म्हटलं, वेणूबाई, हळद लावून दुसऱ्यांदा बोहल्यावर चढताय की काय? एरवी निदान 'पुरे' तरी म्हणते. आज तेही नाही.

जेवताना म्हणाली, 'गुणाबाईला परत सुरू झालंय म्हणे.'

'काय?'

'ते हो. चार वर्षं बंद होतं.'

मी पेपरात होतो. 'पुनर्यौवन! अभिनंदन सांग तिला.'

'मान काही दुखत नाही म्हणाली. म्हणजे तुमचं ते नसणार.'

'नसणार,' म्हटलं. आमटी वाढ म्हटलं.

२३ फेब्रुवारी, महाशिवरात्र

पूजा मीच केली. वेणूचा गुडघा. देवांनाही बदल बरा.

२८ फेब्रुवारी, शनिवार

कोळीवाड्यातल्या समाजमंदिरात लसीचं शिबिर. एका ट्रस्टने थोड्या लसी दिल्या होत्या, टोचायला डॉ. हेतल आणि एक नर्स. चाळीसेक मुली रांगेत. नर्सने सुई भरून वर पाहिलं आणि तशीच थांबली. मुलींनी वेण्या वर धरलेल्या, गळ्याची बटणं सोडलेली, माना एका बाजूला कललेल्या. सगळ्यांच्या. एकाच बाजूला.

'अगं, दंड! दंडावर द्यायची.'

कोणी मान सरळ करेना. मागून एक आई — 'रोग मानेला आन् सुई दंडाला? ती वर कशी चडनार?' दुसरी — 'ही ती लसच नाय.' मग कोणीतरी ते वाक्य म्हणालं जे कुठेतरी दबा धरून असतंच — 'पोरी वांझ करायची सुई हाय!' पाच मिनिटांत समाजमंदिर रिकामं. राहिल्या दोघी. त्यातली एक रिया, गुणाबाईची नात, बारा वर्षांची. 'दंडच घ्या, मानेला गुदगुल्या होतात.' गुणाबाई बाजारात होती.

चाळीस मुली माझ्या एका समासाने घालवल्या.

उरलेल्या दोन आयांना डॉ. हेतल शांतपणे सांगत होत्या — पाळी गेली, वर्ष झालं, आणि परत एक डाग जरी दिसला...

हातातली वही खाली पडली. गुणाबाई! आणि मी आमटी मागितली.

घरी येऊन वेणूला म्हटलं, गुणाबाईला दवाखान्यात न्यायचं. आज. आत्ता. वेणू शेंगा मोडत होती. हात थांबले.

'तुम्ही नका बोलू तिच्याशी. लाजेल. मी सांगते.'

३ मार्च

'सांगितलंस?'

'सांगितलं. विचारते, पुरुष डॉक्टर असतो का?'

'नाही. डॉ. हेतलच.'

'विचारते, दुखतं का?'

दुपारी दवाखान्यात जाऊन विचारून आलो. थोडं, पाच मिनिटांचं काम. वर डॉ. हेतल चिडल्या — 'प्रश्न काय आणता? बाईला आणा. लवकर सापडलं तर बरं करता येतं.'

वेणूला शब्द न् शब्द सांगितला. तिने दोनदा वदवून घेतला.

५ मार्च

'विचारते, काही निघालंच तर बाईला सांगतात, की आधी नवऱ्याला?'

'गुणाबाईला कुठला नवरा? त्याला जाऊन बारा वर्षं झाली.'

'मुलाला — असं म्हणायचं होतं मला.'

उठून आत गेली. गॅसवर काही नव्हतं.

७ मार्च, शनिवार

गुणाबाई हल्ली मी बाहेर पडलो की येते म्हणे. म्हटलं, उद्या मी घरीच बसतो. 'नको,' वेणू म्हणाली. 'घाबरलीय हो ती. होळी होऊ दे.'

नवी बातमी लिहिली. गर्भाशय. पाळी. डाग. शैलेशला म्हटलं, यातला एक शब्द कापलास तर पुढचा लेख तुझ्यावर. हसला. मी हसलो नाही.

९ मार्च, सोमवार

छापून आली. सगळे शब्द जागच्या जागी. वेणूने खिडकीशी उभं राहून वाचली, मग कागदाची घडी घातली, घडीची घडी, तिची घडी, मावेनाशी झाली तरी घालत राहिली.

'काय, संपादकीणबाई? चुका?'

'आधीच असं लिहायला काय झालं होतं?'

खरंच, काय झालं होतं?

११ मार्च, धुळवड

सकाळीच वेणू मोरीत एकटी चादर धुताना. म्हटलं, रंग इतक्या लवकर लागला? 'पुरे,' म्हणाली. किती दिवसांनी! बरं वाटलं ऐकून.

पूजा मीच. आता सवयच झाली.

१३ मार्च, शुक्रवार

एसटी स्टँडपाशी गुणाबाई दिसली, रिकामी टोपली घेऊन. म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय, चल. 'रियाच्या दुसऱ्या सुईचं का?' मी पुन्हा पुटपुटलो. रिक्षात तिच्या मानेकडे पाहिलं — हळद नाही. 'फू:! ते केव्हाच धुतला आमी,' म्हणाली.

डॉ. हेतलनी केसपेपरवर नाव लिहिलं आणि थेट विचारलं. गुणाबाई आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. मग हसली.

'मना? माजा बंद होऊन आठ वर्सं झाली. परत कशाला येल? वयनीला मी असा कदी बोललेच नाय, दादा. ती तर महिना झाला, मासे पन घेत नाय माज्याकडनं.'

घरी वेणू दारातच उभी होती. मान पिवळी. मी चपला काढायच्या आत म्हणाली —

'आली का तपासून? काय निघालं गुणाबाईचं?'

म्हटलं, 'वेणू, चप्पल घाल. रिक्षा थांबवून ठेवलीय.'