गच्चीवरची हाडं आणि हाडफोड्याची छाती

प्रति,
मा. मुख्य अधिकारी साहेब,
नगर कार्यालय, नवी इमारत.

विषय : गच्चीवर हाडं मी टाकत नाही, आणि जो टाकतो त्याला गोळी घालू नये, याबाबत.
संदर्भ : माझ्या दारावर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

१. मी मेलेली जनावरं सोलायच्या आवाराचा राखणदार. मी आपल्या गच्चीवर हाडं फेकतो असं नोटिशीत आहे. साहेब, बैलाची नळी एवढ्या उंच फेकायचं बळ असतं तर मी इथं कातडी ओढत बसलो असतो का?

२. टाकतो तो हाडफोड्या. गिधाडाचीच जात, पण चोचीखाली दाढी. बाकीची गिधाडं मांस खाऊन गेली की हा येतो. याला हाडंच लागतात. लहान हाड अख्खं गिळतो, पोटात विरघळतं. मोठं पायात धरून उंच नेतो, खडकावर सोडतो आणि तुकडे खातो. तो खडक फोडूनच आपली इमारत झाली. त्याला वाटतं, खडकच उंच झालाय. आपल्या गाडीची काच गेली त्याचं वाईट वाटतं. नेम चुकला असणार.

३. त्याची छाती रक्तानं माखलीय, उद्या पोरं उचलेल, असं लोक बोलतात. मलाही रक्तच वाटायचं. पण बायको ओढ्यावर धुणं धुते, तिनं त्याला तांबड्या चिखलात लोळताना बघितलं. म्हणाली, "अहो, रक्त कसलं, नटतोय तो. तुमच्यापेक्षा जास्त वेळा पाण्यात उतरतो."

४. आता गच्चीवर बंदूकवाला बसवलाय, असं आपला शिपाई सांगून गेला. कड्यावर यांचं एकच पिल्लू आहे, नर-मादी दोघं मिळून भरवतात. एकाला गोळी लागली तर उरलेला पिल्लू राखेल की हाडं आणेल? त्यानं गच्चीकडे फिरकू नये म्हणून मी घाबरून हाडं पुरायला लागलो. तिथंच घोटाळा झाला. आता तो रिकामाच येतो, आपल्या कठड्यावर बसतो आणि आवाराकडे बघत राहतो. उडत असताना नेम धरणं अवघड होतं. आता हलतसुद्धा नाही.

५. तरी बंदूकवाल्याला खाली बोलवावं. त्या खडकाच्या फरश्या आवारामागे पडल्यात, त्या मी अंथरतो आणि हाडं तिथं ठेवतो. मला कामावरून काढायचं असेल तर पिल्लू उडाल्यावर काढा, मी हूं की चूं करणार नाही.

आपल्या गच्चीकडे डोळे लावून बसलेला,
आवाराचा राखणदार
(अंगठा नाही, सही केली आहे)
तारीख : आजचीच. उद्यावर ढकलू नये.

सोबत : छातीचं गळलेलं एक पीस. पेल्यातल्या पाण्यात चोळून बघावं. पांढरं निघतं.