सहावी बाही

भिवापूर,
२८ मे २०२६

चि. जितेंद्रराव जवाईबापूंस, सासूचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही मजेत. नवतपा लागला आहे, दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. डोळ्याचं ऑपरेशन बराबर झालं, सुई ओवता येते आता. तेव्हा हे अक्षर मीच काढून राहिली आहे, कोणाकडून लिहून घेतलं असं समजू नका.

पत्र काहून लिहिलं, असं तुम्हाले वाटलंच असेल. फोनवर तुम्ही "हो आई, बरं आई, कामिनीले देतो" एवढं म्हणता आणि मोकळे होता. मी नागपूरले आली की नेमकं तुम्हाले भंडाऱ्याचं काम निघते. सहा वर्षांत तुम्ही भिवापूरले पाय ठेवला नाही. मागच्या धोंड्याच्या महिन्यात कामिनी एकटी आली, अनारसे डब्यात भरून घेऊन गेली. लोक विचारतात, जवाई रुसला का? मी म्हणते, त्याच्या गॅरेजात लय काम आहे. पण किती दिवस म्हणू?

आता मुद्द्याचं. तुम्ही भंडाऱ्याले होते, तेव्हा कामिनी मले डिझाइन कॉलेजातलं प्रदर्शन पाहायले घेऊन गेली. तिच्यावर रागावू नका. मी म्हटलं, मोटरसायकली काय पाहायच्या? रस्त्यावर कमी आहेत का? पण आत गेली आणि बाप्पा! एकेक मोटरसायकल अशी उभी की नवरी मांडवात बसवली आहे. एकीचं हँडल इतकं उंच, की चालवणारा पोलिसासमोर हात वर करून बसल्यासारखा दिसेल. एकीले मडगार्डच नाही, पावसाळ्यात त्या माणसाची बायको धुणं धुऊन मरेल. मी हसून राहिली होती, आणि मग मधोमध ती दिसली.

तुमच्या सासऱ्यांची राजदूत.

कामिनीनं ती मागितली तेव्हा मले वाटलं, भंगारात जाईल. गोठ्यात कोंबड्या बसत होत्या तिच्यावर. आणि तुम्ही तिचं काय करून ठेवलं! रंग असा की आपल्या वाळलेल्या मिरचीची रास उन्हात चमकते तसा. नळी न् नळी आरशासारखी. बाकीच्या साऱ्या गाड्यांवर एकाच माणसाची जागा, मागची सीट कापून टाकलेली. तुमच्या गाडीवर दोघांची. आणि साडीगार्ड! पाय ठेवायची पट्टीसुद्धा! दीक्षा नावाची एक पोरगी तिथं समजावून सांगत होती. म्हणे, "आजी, सगळे आधी साडीगार्ड काढून फेकतात. या माणसानं तेच हातानं नवीन घडवलं. म्हणजे गाडी चालवणाऱ्यापेक्षा मागं बसणाऱ्या बाईचा विचार जास्त केलाय."

ती मागं बसणारी बाई मीच होती ना. रामटेकची जत्रा, दवाखाना, कामिनीचं बारसं, सारं त्याच पट्टीवर पाय ठेवून केलं. जवाईबापू, माझ्या पोटच्या पोरालेही ते सुचलं नसतं. मले इतका अभिमान वाटला, की लोकांले ओरडून सांगावं, हा माझा जवाई आहे!

मग दुसरा हॉल. तिथं कोरोनाच्या वेळच्या वस्तू. कोणी किराणावाल्यानं पाइप लावला होता, वरून डाळ सोडायची, खाली गिऱ्हाइकानं पिशवी धरायची. कोणा मास्तरनं हातगाडीवर फळा बसवला होता. माणसाचं डोकं अडचणीतच चालते, हे खरं. आणि शेवटच्या भिंतीले दाराच्या चौकटीत आपला पडदा.

कामिनीनं दिला तो. तुम्हाले न विचारता दिला. पुन्हा सांगते, रागावू नका.

टेबलावर अंथरायचं पारदर्शक प्लास्टिक, त्याले रेनकोटच्या बाह्या, बाह्यांच्या टोकाले हातमोजे, सारं पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेलं. मी तुमच्या मागच्या खोलीत तापानं पडली होती आणि चार वर्षांची रितिका दारात बसून रडत होती, म्हणून एका दिवसात तुम्ही तो केला. तिच्यासाठी दोन बाह्या खाली, कामिनीसाठी दोन मधात, तुमच्या सासऱ्यांसाठी दोन वर. पाटीवर लिहिलं आहे, या पडद्यातून एका नातीनं आजीले मिठी मारली. लोक रांग लावून बाह्यांत हात घालून पाहत होते. एक मोठा माणूस हात घालून हमसून रडला.

दीक्षा म्हणाली, दोन्ही हॉलमध्ये वस्तू असलेला हा एकच माणूस, पण तो या हॉलमध्ये आलाच नाही. दारातून परत गेला.

मी कामिनीकडे पाहिलं. तिनं मले कोपऱ्यात नेलं आणि सांगितलं. म्हणे, सहावी बाही खांद्याशी उसवली होती, ते तुम्हाले नंतर दिसलं. "त्यातूनच रोग बाबांले गेला, मी आईचं कुंकू पुसलं," असं तुम्ही म्हणता. म्हणून तुम्ही माझ्यासमोर येत नाही.

माय वं! सहा वर्षं हे पोटात घेऊन फिरले तुम्ही? आणि मी समजून राहिली, जवाई मोठा झाला, आता सासर आठवत नाही.

आता मी जे सांगते ते कामिनीलेही माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, म्हणून झाकून ठेवलं होतं. तुम्ही औषधं आणायले गेले होते, कामिनी रितिकाले निजवून राहिली होती. दुपारची वेळ. हे पडद्याशी आले, बाह्यांत हात घातले, माझे हात धरले. मग म्हणतात, "हे काय गोपिका, मी रेनकोटले भेटून राहिलो का?" आणि पडद्याचा काठ दाबून ठेवलेली खालची वीट सरकवून, वावराच्या तारेखालून शिरतात तसे पडद्याखालून आत आले.

मी म्हटलं, अहो जा, रोग लागंल. म्हणाले, लागू दे. खाटेवर बसले. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. आमच्या घरात नवराबायको चारचौघांत जवळ बसत नसत, माहीत आहे तुम्हाले. चाळीस वर्षांत असं दुपारचं कधी बसलो नव्हतो. फाटकाशी तुमच्या गाडीचा आवाज आला की हे पुन्हा पडद्याखालून बाहेर, वीट होती तशी. चोरासारखे हसलो आम्ही. दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्याही. ती बाहीही तेव्हाच उसवली, घाईनं निघताना त्यांचा हात तिच्यात अडकला होता.

मग त्यांले ताप आला. पुढचं तुम्हाले माहीत आहे.

हे कोणाले सांगू? पोरीले? जवाईले? म्हाताऱ्या बाईनं? लाजेनं तोंड उघडलं नाही, आणि तिकडे तुम्ही जळत राहिले. मी त्यांले ढकलून बाहेर काढू शकत होती. नाही काढलं. ते गेले याचं दुःख मले मरेपर्यंत राहील, पण ते आत आले याचा पस्तावा नाही. तुमच्या पडद्यानं कोणाले मारलं नाही, जवाईबापू. तो नसता तर पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात धरले नसते, आणि हात धरले नसते तर आत यायची हिंमत झाली नसती. किती बायांची माणसं तेव्हा दवाखान्यातून परस्पर गेली, त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. मले तीन दुपारी मिळाल्या. त्या तुम्ही दिल्या.

त्या सालीही धोंड्याचा महिनाच होता. सासूनं जवाईले जेवू घालायचं, तर जवाई सासूच्या दाराशी ताट ठेवून जात होता. भाजीत मीठ कमी असे, पण मी बोलली नाही.

आता पुन्हा धोंड्याचा महिना आहे. सात तारखेच्या रविवारी मी पुरण घालते. तुम्ही या. फोटोसमोर उभं राहून त्यांच्याशी काय भांडायचं ते भांडा, मग पाटावर बसा. आणि भंडाऱ्याचं काम निघालंच, तर मी पहिल्या बसनं नागपूरले येते, तुमच्या गॅरेजात, साऱ्या कारागिरांसमोर, तुमच्या काळ्या हातांकडे न पाहता एकेक घास भरवते. लाजायचे दिवस माझे संपले.

तुमची वाट पाहणारी,
महादेवरावांची गोपिका